आगोटीच्या दिवसांत घराची देखभाल

कोकणात पावसाळ्याच्या तोंडावरच्या दिवसांना आगोट म्हणतात. मसाले, सुकी मासळी, सरपण यांची बेगमी या दिवसांत होते आणि घराचीही झाडाझडती याच दिवसांत घेतली जाते. साधारण 25 मेला रोहिणी नक्षत्र लागते, 7-8 जूनला मृग. हवामान खात्याच्या 2020 पासूनच्या सुधारित वेळापत्रकात मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे. डागडुजीचा हिशेब या तारखांवरून मागे मोजत यावा लागतो. सिमेंटच्या दुरुस्तीवर किमान सात दिवस पाणी मारावे लागते, जलरोधक लेपाला कोरडी ठणठणीत जमीन लागते आणि मेच्या अखेरीस गवंडी, कौले परतणारे, प्लंबर यांपैकी कोणी हाताशी लागत नाही. त्यामुळे पाहणी एप्रिलमध्ये आणि काम 15 मेपर्यंत उरकलेले बरे. देशावर मध्येच वळवाचा पाऊस येऊन जातो. अर्ध्या तासाच्या त्या सरीत घर कुठे गळते ते कळते आणि दुरुस्तीला वेळही उरतो, म्हणून अशा वेळी खिडक्या लावून घरात बसण्यापेक्षा छताखालून एक फेरी मारावी.

पाहणीचा क्रम पाण्याच्या वाटेनेच ठेवणे सोयीचे पडते: छपरावरून भिंतीवर, भिंतीवरून जोत्याशी, जोत्यापासून गटाराकडे आणि तिथून शेजाऱ्याच्या हद्दीत. पाणी किती असते याचा अंदाज मात्र आधी घ्यावा. 1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होते. 1000 चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. तिच्यावर दिवसभरात 100 मिलिमीटर पाऊस झाला, आणि कोकण-मुंबईत तो हंगामात अनेकदा होतो, तर 9,300 लिटर पाणी साठते. जवळपास एक टँकरभर पाणी दोन-तीन पाइपांतून खाली उतरायचे असते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या मापाने हाच आकडा 87 हजार लिटरांच्या पुढे जातो. पाइपाच्या तोंडावर आडवे बसलेले आंब्याचे एक पान काय करू शकते, ते या हिशेबावरून समजते.

कौलारू घराचे काम जुने आणि ठरलेले आहे. मंगळुरी कौल 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरजवळ जेप्पू येथे कारखाना काढला तेव्हापासूनचे. त्याआधी आणि त्यानंतरही खेड्यांत नळ्यांची छपरे होती, ती दरवर्षी पूर्ण परतावी लागत. मंगळुरी कौल एकमेकांत अडकते, त्यामुळे ते दरसाल उतरवायची गरज नसते, पण पाहावे दरसाल लागते. दुपारच्या उन्हात दारे-खिडक्या लावून घरातून वर पाहिले, की जिथून उजेडाचा कवडसा येतो तिथून पाणीही येणार हे नक्की. ती जागा खालूनच वाशावर खडूने खुणवून ठेवावी. वर चढल्यावर ती शोधत बसणे धोक्याचे असते. तडकलेले कौल डोळ्यांना नेहमीच दिसत नाही; बोटाच्या पेराने टिचकी मारली तर चांगले कौल खणकन वाजते, तडा गेलेले बद्द आवाज देते. बदलताना वरच्या ओळीची कौले थोडी वर सरकवून खालचे काढता येते, सगळा पाखा उसकटावा लागत नाही.

कौलांवर चालताना पाय कौलाच्या मधोमध टाकू नये. खाली रीप असते त्या जोडावर टाकावा, किंवा फळी आडवी टाकून तिच्यावरून जावे. शेवाळ धरलेल्या छपरावर आणि एकट्याने चढूच नये. दरवर्षी आगोटीत छपरावरून पडून माणसे जायबंदी होतात आणि त्यांतली बहुतेक पडझड घाईने चढलेल्यांची असते. आढ्यावरची कोनी ज्या मसाल्यात बसवलेली असते तो मसाला उन्हाने चिरतो, वाऱ्याच्या दिवसांत पाणी तिथूनच आत ओढले जाते. दोन पाखी आत मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ पाचोळ्याने भरली, की पाणी कौलांखाली मागे फिरते आणि गळती भलत्याच खोलीत दिसते. खोलीतल्या डागाच्या बरोबर वर फुटके कौल सापडले नाही तर उताराने वर जात पाहावे. पाणी वाशाच्या अंगाने खाली वाहत येऊन मग टपकते.

वासे, रिपा आणि आढे यांचा शत्रू वाळवी. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून वर चढलेल्या दिसल्या तर त्या नुसत्या झाडून टाकून भागत नाही. लाकडात सुरीचे टोक सहज घुसले तर आतून पोखरलेले आहे असे समजावे. पूर्वी चुलीचा धूर रोज छपराला लागत असे, त्याने लाकूड कोरडे राही आणि कीडही दूर राही. गॅस आल्यावर ते संरक्षण गेले. आता छपराखाली वारा खेळता राहील एवढी उजेडाची-हवेची जागा ठेवणे आणि लाकडाला दोन-तीन वर्षांनी वाळवीप्रतिबंधक लेप देणे हाच उपाय उरतो. पावसाच्या बाजूला, म्हणजे कोकणात बहुतेक ठिकाणी पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला, पडवीवर माडाच्या चुडतांचे झाप बांधण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो, तो सतत मार खात राहिला तर ओल आतल्या भिंतीपर्यंत पोचते. झाप स्वस्त असतात, सुटसुटीत असतात आणि पाऊस संपल्यावर उतरवून ठेवता येतात. प्लास्टिकचा ताडपत्री कागद तेवढ्यासाठी लावला जातो खरा, पण त्याखाली हवा कोंडते आणि भिंत वाळत नाही. झापाचे विणलेले अंग पाणी अडवते आणि वारा जाऊ देते.

गच्चीच्या घरात गळतीचे मूळ बहुधा दोन जागी असते: गच्ची आणि कठड्याच्या भिंतीच्या कोपऱ्यात, आणि पाइपाच्या तोंडाशी. कोपऱ्यात गवंडी ज्याला वाटा म्हणतात ती गोलाई सिमेंटने भरलेली असते. उन्हाने स्लॅब पसरतो, रात्री आक्रसतो आणि हा वाटा भिंतीपासून सुटतो. सुटलेल्या फटीत दहा रुपयांचे नाणे उभे बसत असेल तर वाटा फोडून नव्याने मारावा, वरून लेप फिरवून काही साधत नाही. गच्चीला पाइपाच्या दिशेने दर मीटरला एक सेंटिमीटर उतार असावा. उतार बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी दोन-चार बादल्या पाणी ओतून तासाभराने पाहिले, की जिथे डबके राहते ती जागा आपोआप दिसते. डबके टिकत असेल तर कोब्याची चढउतार आधी दुरुस्त करावी लागते. जलरोधक रंगाचे पाच डबे या ठिकाणी वाया जातात आणि अनेक घरांत ते दर दुसऱ्या वर्षी वाया जात असतात, हे वाईट वाटण्यासारखे आहे.

केसासारख्या बारीक भेगांना लेप चालतो. रुंद भेग छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोदून, धूळ झाडून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरतात आणि मगच लेप देतात. लेपाचा पांढरा रंग निवडणे फायद्याचे असते, कारण पांढरा पृष्ठभाग कमी तापतो आणि स्लॅबची पसर-आक्रस कमी होते. काम झाल्यावर पाइपाचे तोंड बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी 24 ते 48 तास तुंबवून ठेवावे. खाली ओल दिसली तर मजुरी चुकती करण्याआधीच गवंड्याला दाखवता येते.

गच्चीच्या खालच्या बाजूला, विशेषतः बाल्कनीच्या तळाशी आणि छज्ज्याच्या कडेला, गिलाव्यात लांबट सरळ भेग दिसली तर ती सळईची रेघ असते. पाणी आत जाऊन सळई गंजते, गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि तो काँक्रीटला बाहेर ढकलतो. लाकडी ठोकळ्याने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तो भाग लवकरच खाली येणार. यावर नुसता गिलावा लावणे म्हणजे गंज झाकणे. सैल काँक्रीट काढून, सळई तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लेप देऊन मग भरणे हे काम जाणत्या माणसाचे आहे आणि बाल्कनीसारख्या लटकत्या भागात तर अभियंत्याचा सल्ला घेणे भागच आहे.

खिडक्यांचे काम छोटे असते म्हणून राहून जाते. सरकत्या खिडकीच्या रुळाला बाहेरच्या बाजूने दोन-तीन बारीक भोके असतात, ती धुळीने बुजली की रुळात साचलेले पाणी आत सांडते आणि घरातले लोक भिंत पाझरते असे समजतात. टाचणी किंवा सायकलच्या स्पोकने ती मोकळी करणे हे पाच मिनिटांचे काम आहे. खिडकीचा उंबरा बाहेरच्या बाजूला उतरता असावा, चौकटीभोवतीची भेग सिलिकॉनने भरावी, आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच आहे का ते पाहावे. ती खाच नसेल तर पाणी कडेवरून उलटे फिरून भिंतीपर्यंत पोचते.

विजेचे काम पावसाआधीच करून घ्यावे आणि ते वायरमनकडूनच. ईएलसीबी किंवा आरसीसीबी या नावाने ओळखली जाणारी गळतीरोधक कळ 30 मिलिअँपिअर क्षमतेची बसवलेली असेल तर महिन्यातून एकदा तिचे टेस्ट बटण दाबून पाहावे. बटण दाबताच वीज गेली पाहिजे. गेली नाही तर कळ बदलावी. मीटरच्या पेटीवर पाणी येते का, अंगणातला पंपाचा किंवा दिव्याचा सॉकेट झाकलेला आहे का, आणि ओली भिंत हाताला झिणझिणते का, या गोष्टी तातडीच्या. झिणझिणत असेल तर मुख्य कळ बंद करूनच पुढचे काम.

सोसायटीत राहणाऱ्यांच्या बाबतीत डाग आपल्या छतावर असतो आणि कारण वरच्या घरात, त्यामुळे प्रश्न घराचा राहत नाही, शेजाराचा होतो. इथे भांडण टाळण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे आधी नोंद. छतावर ओलीचा डाग दिसला की त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढावी आणि शेजारी तारीख लिहावी. आठ-दहा दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला असेल तर पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. डाग पावसाच्या दिवसांत वाढत असेल आणि कोरड्या आठवड्यात थांबत असेल तर पाणी गच्चीचे किंवा बाहेरच्या भिंतीचे. बारा महिने वाढत असेल तर वरच्या घरातल्या नहाणीचे किंवा पाइपाचे. तीन-चार तारखांची ती नकाशासारखी रेघारेघांची वर्तुळे वरच्या शेजाऱ्यांना दाखवली, की "आमच्याकडून काही गळत नाही" हे बोलणे सहसा पुढे जात नाही, आणि गेले तरी चर्चा डागावर होते, माणसांवर होत नाही.

त्यानंतर चाचणी. वरच्या घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा पाहावा. तो हलत असेल तर दाबाचा पाइप फुटलेला आहे. काटा स्थिर असेल तर नहाणीच्या ट्रॅपला कापडाचा बोळा बसवून फरशीवर इंचभर पाणी 24 तास ठेवावे. खाली डाग ओला झाला तर फरशांच्या सांध्यांतून किंवा ट्रॅपच्या कडेने पाणी जाते. पुष्कळदा फरशा न उखडता सांधे खरवडून नव्याने भरले तरी गळती थांबते, म्हणून उखडण्याचा खर्च आधीच ठरवून टाकू नये.

खर्च कोणाचा याबद्दल महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये मांडणी स्पष्ट आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची गळती ही संस्थेची जबाबदारी. सदनिकेच्या आतल्या नहाणी, संडास, सिंक यांतून होणारी गळती संबंधित सदस्याची. याच उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान 0.25 टक्के दरवर्षी जमा करायचे असतात. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी, 30 वर्षांच्या पुढे दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी अपेक्षित आहे. वार्षिक सभेत हे आकडे विचारणारे सदस्य कुरकुरे ठरतात, ही रीत बदलायला हवी. दुरुस्ती निधी वेळेवर भरला गेला की गच्चीची वर्गणी पावसाच्या तोंडावर मागावी लागत नाही, आणि वरच्या मजल्यावरच्यांनीच खर्च करावा असा आग्रह धरणारे आवाजही कमी होतात.

आता अंगण. झाडांच्या फांद्या छपरावर, तारांवर किंवा शेजाऱ्याच्या घरावर झुकल्या असतील तर त्या मेपर्यंत उतरवाव्यात. शहरात मात्र आपल्याच आवारातले झाड असले तरी हात लावण्याआधी महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा तसे सांगतो. अर्ज, पाहणी आणि परवानगीला वेळ लागतो, म्हणून अर्ज मार्चमध्येच द्यावा. जाड फांदी तोडताना पहिला काप खालून, खोडापासून वीतभर पुढे, पाऊण इंच खोल. दुसरा त्याच्याही थोडा पुढे वरून. मग फांदी साल न सोलता तुटते. उरलेला ठोंब खोडाला लागून असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरच्या कडेला कापावा. कडे कापले तर जखम भरत नाही आणि तिथूनच खोड कुजते. जखमेवर बोर्डो मलम लावण्याची बागायतदारांची पद्धत चांगली.

अंगणात चार-दोन पोफळी असतील तर कोळे रोगासाठी 1 टक्का बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याआधी, दुसरी त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप पाहून करावी. त्यासाठी 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात आणि 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या 50 लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवून दोन्ही एकत्र ओततात. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडाची नकोत. मिश्रणात स्वच्छ विळ्याचे पाते मिनिटभर बुडवून काढावे. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, तो आणखी घालावा. पाते पूर्वीसारखे राहिले तर मिश्रण बिनधोक. ते त्याच दिवशी वापरावे, दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याचा गुण राहत नाही. माडांची सुकलेली चुडते आणि सैल नारळ याच खेपेला उतरवून घ्यावेत.

कुंड्यांच्या तळाशी पाण्याची ताटली ठेवण्याची सवय पावसाळ्यात बंद करावी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला वाढायला स्वच्छ साचलेले पाणी लागते आणि अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळण्याचा आरोग्य खात्याचा आग्रह असतो. पण ताटली नुसती ओतून देणे पुरेसे नाही: अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात. काथ्याने घासल्याशिवाय ती निघत नाहीत. गच्चीवरचे फुटके टायर, रंगाचे रिकामे डबे आणि नारळाच्या करवंट्या यांसाठी हेच लागू. सरपणाचा ढीग आणि चिरे घराच्या भिंतीला लागून न ठेवता जरा दूर, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर रचावेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसे दगडांच्या सांदीत राहते आणि मण्यार रात्री घरात शिरते, दोन्ही विषारी. साप दिसला तर जागा न सोडता लक्ष ठेवून सर्पमित्राला बोलवावे. दंश झाला तर तो अवयव हलू न देता थेट रुग्णालयात न्यावे. आवळून बांधणे, चिरा देणे, चोखणे यांनी नुकसानच होते.

शेवटी जोते, गटार आणि हद्द. घराभोवतीची जमीन भिंतीपासून दूर उतरती हवी. पागोळ्यांखाली खडी टाकली तर पाणी उसळून भिंतीवर चिखल उडत नाही. पूर्वी वाडीतल्या पाणंदी, पऱ्हे आणि वहाळ मेच्या अखेरीस सगळ्यांनी मिळून मोकळे करायची रीत होती. एका घराने आपल्या पुढ्यातला भाग राहू दिला तर पाणी त्याच्या वरच्या घराच्या अंगणात चढते, हे सगळ्यांनाच माहीत असे. आता अनेक ठिकाणी चिऱ्याचा गडगा पाडून सिमेंटची भिंत येते आणि गडग्यातल्या फटींमधून निथळणारे पाणी अडते. नवी भिंत बांधताना जमिनीलगत दर दोन-अडीच मीटरला चार इंचांचा पाइप आडवा सोडावा. आपल्या छपराच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर पडत असतील तर पन्हळ लावून ते पाणी आपल्याच हद्दीत घ्यावे. वर्षानुवर्षे चालत आलेल्या पाण्याच्या वाटेला कायद्याचेही पाठबळ आहे: 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षे उघडपणे आणि विनाखंड चाललेल्या वहिवाटीला हक्क मानले आहे. त्यामुळे जुनी वाट बुजवण्याआधी शेजाऱ्याशी बोलून, गरज पडल्यास ग्रामपंचायतीतल्या जाणत्यांना बरोबर घेऊन, नवी वाट ठरवावी. हे बोलणे फेब्रुवारी-मार्चमध्ये झाले तर शांतपणे होते. जूनमध्ये अंगणात गुडघाभर पाणी उभे असताना ते होत नाही.

पहिला मोठा पाऊस आला की छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारावी. कोणत्या पाइपातून पाणी जोरात येते, कोणता कोरडा आहे, कुठे भिंतीच्या पायाशी डबके साचते, हद्दीवरच्या पाइपातून पाणी पलीकडे जाते की मागे फिरते, हे अर्ध्या तासात दिसते. घरात आल्यावर ओली जागा, दिनांक आणि पावसाची दिशा एका वहीत लिहून ठेवावी, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पाहणी त्याच वहीपासून सुरू करावी.